बसस्टँडमागची नर्सरी: चार स्टार, पाचवा काऊन कापला ते खाली वाचा

चार स्टार देतो. पाच दिले असते पण पायऱ्या, टिनाचं छत आणि गॅदरिंगचा तो प्रकार, ते पुढे येतेच. आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल पैसे घेऊन लिहिलं. माझा ऑटो आहे, सकाळी आजूबाजूच्या खेड्यांतले पोट्टे भरून तालुक्याला आणतो, कोणी इंग्लिश मीडियमचं, कोणी सेमीचं, कोणी या नर्सरीचं, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या कॉन्व्हेंटच्या गेटवर माझं उभं राहणं होते आणि गेटवर रोज उभं राहिलं की आत काय चालते ते बाहेरच्या बोर्डापेक्षा जास्त समजते. दुसरं म्हणजे माझी स्वतःची पोरगी इथेच आहे. चार वर्षांची आहे, बोलत नाही, नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, लिहून दिलं आहे. तर हा रिव्ह्यू मुख्यतः अशा मायबापांसाठी. बाकी ज्यांना एबीसीडी, टाय-बूट आणि स्मार्ट टीव्ही पाहायचा असेल त्यांनी खालचे रिव्ह्यू वाचा, ते तेवढंच लिहून राहिले.

आधी आम्ही दुसऱ्या एका कॉन्व्हेंटमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही. तिथल्या मॅडमनं पोरीला टेबलासमोर उभं केलं आणि व्हॉट इज युवर नेम विचारलं, पोरगी वर पंख्याकडे पाहत राहिली, मॅडम म्हणे भाऊ, आधी हिले बोलायला शिकवा मग आणा, बाकीचे पॅरेंट्स तक्रार करतेत. आता बोलणं यावं, चार लेकरांत बसावी म्हणूनच तर आणलं होतं ना बाप्पा. फी घेऊन फॉर्म दिला होता, फॉर्मचे दोनशे परत नाही दिले ते वेगळंच.

इथे आलो तर बाईंनी पोरीला काहीच विचारलं नाही. सगळे प्रश्न आम्हाला. काय खाते, काय अजिबात खात नाही, कशाचा आवाज आला की कान दाबते, रडली तर कशानं शांत होते, घरी काही पाहिजे असलं तर कसं सांगते, हात ओढून नेते की नुसती उभी राहते, शी-शूचं कसं आहे. माझी बायको सांगत गेली, बाई एका साध्या वहीत लिहीत गेल्या. कुकरच्या शिट्टीला भिते म्हटलं तर लगेच मागे वळून मावशीला सांगितलं की उद्यापासून खिचडी पोरं यायच्या आधी लावायची. ही गोष्ट मला लय भारी वाटली, कारण पहिल्यांदा कोणीतरी पोरीला बदलायचं सोडून कुकरचा टाइम बदलला.

पहिले काही दिवस पूर्ण वेळ नाही ठेवत, हे आधीच ऐकून घ्या, नाहीतर इथून गेल्यावर लोक म्हणतात फी पूर्ण घेतात आणि एका तासात घरी पाठवतात. सुरुवातीला एक तास, आणि आई किंवा आजी पडवीत बसलेली चालते. मग हळूहळू आजीची खुर्ची पडवीतून अंगणात, अंगणातून गेटजवळ, मग एक दिवस आजी रसवंतीवर जाऊन बसली तरी पोरीला फरक पडला नाही. आमच्या आईलाच फरक पडला, तिचं जास्त रडू येत होतं.

आता आतलं. दरवाजाच्या बाजूला पोरांच्या उंचीवर एक लांब पट्टी लावली आहे, त्यावर फोटो. चित्रं नाहीत हं, पुस्तकातले गोल गोल सफरचंदं नाहीत, त्याच नर्सरीतल्या वस्तूंचे मोबाइलनं काढलेले फोटो: हात धुवायचा नळ, सतरंजी, डबे ठेवायची फळी, घसरपट्टी, आणि शेवटी माझा ऑटो. सँडलला असते ती चर्रकन निघणारी चिकटपट्टी मागे लावली आहे. एक काम झालं की तो फोटो काढायचा आणि खालच्या डब्यात टाकायचा, म्हणजे पोराला दिसते आता काय झालं आणि पुढे काय आहे. बोलता न येणाऱ्या लेकराची अर्धी रडारड पुढे काय होणार ते माहीत नसते म्हणून असते, हे मला बाईंनी सांगितलं आणि घरी करून पाहिल्यावर पटलं. माझी पोरगी काय करते, सकाळी गेल्या गेल्या ऑटोचा फोटो काढून बाईंच्या हातात देते. म्हणजे चला घरी! बाई हसतात, फोटो परत शेवटी लावतात, बोट ठेवून दाखवतात नळ, सतरंजी, डबा, मग ऑटो. पण हातात आणून देते ना, म्हणजे दुसऱ्या माणसाला सांगितलं तर काम होते हे तिला समजलं. याच्याआधी फक्त किंचाळायची. घरी आम्ही पाण्याच्या ग्लासाचा, बिस्कीटच्या पुड्याचा आणि झोक्याचा फोटो फ्रिजवर लावला आहे. आमच्या शेजारचे म्हणे फोटो दाखवायची सवय लागली तर ती बोलणारच नाही. बाईंना विचारलं, तर असं होत नाही म्हणतात, उलट मदतच होते, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. मग मी शेजाऱ्यांचं ऐकणं सोडलं.

मावशीबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्णच होत नाही. नर्सरी बाईंच्या नावानं चालते पण खरी चालवते मावशी. एखादं पोरगं फार सैरभैर झालं, इकडून तिकडे पळत सुटलं की ती ओरडत नाही, हात पकडून बसवत नाही, ती त्याला काम देते. तुरीच्या डाळीच्या दोन-दोन किलोच्या थैल्या शिवून ठेवल्या आहेत, चाल रे राजा, हे माझ्या संगं तिकडे ठेवू. पोट्टं थैली पोटाशी धरून खोली ओलांडते, दुसरी आणते, तिसरी आणते, आणि चौथ्या थैलीपर्यंत त्याचा श्वास खाली आलेला असतो. वजन उचललं, ढकललं, ओढलं की अशा पोरांचं अंग शांत होते म्हणे, थेरपीवाले हेच पैसे घेऊन करतात. मावशी शिकली किती, तर सातवी.

सेरेब्रल पाल्सीचा एक पोरगा आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषानं हातापायांवर ताबा नसते, माझ्याच ऑटोत येतो, पाय ताठ, बसवलं तर एका बाजूला कलते. बाकीच्या ठिकाणी असं पोरगं भिंतीला टेकवून ठेवून देतात, दिवसभर. इथे बाईंनी गावातल्या सुताराकडून खुर्ची करून घेतली, कोपऱ्यासारखी पाठ, कमरेला पट्टा, समोर फळी, आणि पायाखाली लाकडाचा ठोकळा, कारण तळवे टेकले नाहीत तर हात मोकळे होत नाहीत. मी हे कधी विचारच केला नव्हता, पाय अधांतरी असले तर पोरगं तोल सांभाळण्यातच दमते, खेळणार कधी. आता तो फळीवर कणकेचे गोळे करते आणि माझ्या पोरीच्या अंगावर फेकते, हे पण सांगून ठेवतो, सगळे काही देवमाणसं नाहीत.

आणि सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराचा, एक. आपल्या विदर्भात हे घरोघरी ऐकायला येते पण नर्सरीवाल्यांना विचारा, निम्म्यांना माहीत नाही काय करायचं. इथे त्याची वेगळी बाटली आहे, मावशी आठवण करून करून पाणी पाजते, उन्हात खेळू देत नाहीत, थंडीत स्वेटर काढू देत नाहीत, आणि मुख्य म्हणजे पाय दुखते म्हटलं तर नाटक करते असं कोणी म्हणत नाही, लगेच घरी फोन. ताप आला तरी फोन. मला एकदा दुपारी मधूनच बोलावून घेतलं होतं त्याला न्यायला. बऱ्याच लोकांना माहीत नाही पण 2016 च्या दिव्यांग कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात सिकलसेल पण आहे.

तान्ह्या पोळ्याचं सांगतो कारण तेव्हाच मी ठरवलं होतं की रिव्ह्यू टाकायचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोट्टे लाकडी नंदी घेऊन फिरतात, सगळ्या कॉन्व्हेंटमध्ये धिंगाणा असते, डफडं, स्पीकर, धोतर घातलेले पोरं, बक्षिसं, मायांची मेकअपची घाई. माझ्या पोरीसारखीसाठी हे म्हणजे मारच. इथे आठ दिवस आधीपासून नंदी खोलीत आणून ठेवले होते, पोरं रोज हात लावत, ओढत, तोरण बांधत. पट्टीवर नंदीचा फोटो आला. डफडंवाल्याला दोन दिवस आधी नुसतं येऊन मैदानाच्या त्या टोकाला हळूच वाजवायला सांगितलं. त्या दिवशी कानावर लावायचे ते मोठे हेडफोनसारखे असतात आवाज दाबायचे, ते दोन जोड काढून ठेवले होते, ज्याला पाहिजे त्याने घालावे. माझी पोरगी मिरवणुकीत गेलीच नाही. कोणी ओढलं पण नाही. सगळी गर्दी पुढे निघून गेली आणि मैदान रिकामं झालं तेव्हा तिनं आपला नंदी सुतळीनं ओढत एक पूर्ण चक्कर मारली, मावशी मागे मागे, आणि बाईंनी तिलाही बाकीच्यांसारखाच बोजारा दिला, दहाची कोरी नोट. बायकोनं ती नोट देवघरात ठेवली आहे.

आता एक स्टार काऊन कापला.

पहिले तर पायऱ्या. तीन पायऱ्या चढून आत जावं लागते, रॅम्प नाही. त्या खुर्चीवाल्या पोराला रोज मी उचलून आत नेतो, मी नसलो तर त्याचा आजा नेते, आजाचं वय झालं. संडासाला पण उंच ओटा. अशा पोरांसाठी नर्सरी म्हणून नाव कमावता आणि रॅम्पचं दोन वर्षांपासून यंदा करू यंदा करू चालू आहे. दोन पोतं सिमेंट आणि एक दिवसाचा गवंडी, मी स्वतः रेती टाकून देतो म्हटलं, तरी जागामालक परवानगी देत नाही असं सांगतात. असेल.

दुसरं, वर टिन. आपल्याकडचा मार्च-एप्रिल काय असते ते सांगायची गरज नाही. कूलर आहे पण त्याची घरघर काही पोरांना सहन होत नाही, बंद केला तर बाकीचे शिजतात, आणि लाइट गेली की विषयच संपला. मार्चपासून सकाळी साडेसात ते दहाच ठेवतात, ठीक आहे, पण फी तेवढीच.

फीचं म्हणाल तर महिना 900, आणि आमच्यासारख्या पोरांना 300 जास्त, वेगळ्या मदतनीसाचे म्हणून. मला हे खटकते. मदतनीस सगळ्यांनाच मदत करते ना, मग तिचे पैसे फक्त आमच्याकडून काऊन? बाईंना बोललो, त्या म्हणतात सगळ्यांवर टाकले तर बाकीचे पोरं काढून नेतील. खरंही असेल पण मग जास्तीचं घेता तर पावतीवर तसं लिहून द्या, तेही देत नाहीत.

तिसरं गॅदरिंग. बाईंचं नाही, संस्थेच्या अध्यक्षांचं काम. सगळ्या पोरांचे डान्स झाले आणि मग या चार-पाच पोरांना वेगळं स्टेजवर आणलं, हातात फुगे दिले, आणि अध्यक्ष माइकवर देवाची लेकरं, देवाची लेकरं. लोक रुमाल काढून डोळे पुसून राहिले. माझ्या पोरीनं फुगा सोडून दिला आणि कान दाबून खाली बसली. वर्षभर जी पोरं सगळ्यांत मिसळून बसतात, एका सतरंजीवर डबा खातात, त्यांना त्या एका दिवशी वेगळं काढून दाखवायचं म्हणजे काय? वरून फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, न विचारता. आम्ही तीन-चार घरच्यांनी मिळून बोललो तेव्हा फोटो काढले. पुढच्या वर्षी असं केलं तर आणखी एक स्टार कापीन, एडिटचा ऑप्शन आहेच.

आणि ते बोर्डावर थेरपी सेंटर लिहिलं आहे ना, त्याच्या भरवशावर जाऊ नका. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपीवाले येतात, पाच पोरं आणि दीड तास, प्रत्येकाचे वेगळे पैसे. चांगले आहेत, पण एवढ्या वेळात काय होणार. नर्सरीचं काम नर्सरी चांगलं करते, दवाखान्याचं काम दवाखान्यालाच करू द्या. पोरगं बोलत नसलं तर पहिले कान तपासा, वेखंड उगाळून जिभेवर लावत वर्ष घालवू नका, बाप बी उशिराच बोलला होता म्हणणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक घरात आहेत, आमच्या घरात दोन आहेत. आम्ही आधी बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येते का ते मशीननं पाहतात ती, करून घेतली, झोपवून करतात, दुखत नाही, कान चांगले निघाले मग पुढचं समजलं. सरकारचं आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणून आहे, 2013 पासून, त्यांची गाडी डॉक्टरांना घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पोरांना पाहून काही वाटलं तर वर पाठवतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी डीईआयसी नावाचा वेगळा विभाग असतो, फुकट. ज्यांना तालुक्याच्या पुढे जाणं जमते त्यांनी थेरपी तिथून घ्यावी आणि घरी काय करायचं ते लिहून आणावं, मग बाई ते नर्सरीत करून घेतात, हे जोड काम इथे चांगलं जमते. बाईंनी स्वतः स्पेशलचं डीएड केलं आहे, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिच्या रजिस्टरचा नंबर ऑफिसात फ्रेम करून लावला आहे. दुसरीकडे कुठे स्पेशल टीचर आहे म्हणाले तर हा नंबर मागून पाहा, लय ठिकाणी तोंड पाहण्यासारखं होते.

ती आरबीएसकेची गाडी अंगणवाडीतच येते, म्हणून गावच्या अंगणवाडीतून नाव काढू नका, हे तर मी ऑटोत बसणाऱ्या प्रत्येक मायला सांगतो. कॉन्व्हेंटमध्ये टाकलं की लोकांना अंगणवाडीची लाज वाटते. अरे, माझ्या पोरीचं पहिले कोणाला समजलं तर अंगणवाडीच्या ताईला! दीड वर्षाची होती, ताईनं ते आई-बालकाचं कार्ड उघडून दाखवलं, दादा, नावानं आवाज दिला तर ही पाहत नाही, बोट दाखवत नाही, हे पाहा इथे लिहिलं आहे. बायको तेव्हा ताईवर रागावली होती. 2023 च्या नोव्हेंबरात तर केंद्रानं दिव्यांग लेकरांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉलच काढला, म्हणजे लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि गरज असेल तर पुढे पाठवायचं. कागदावर छान आहे. आमच्या ताईजवळ चाळीस पोरं, मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर, वजनं, आहार, मधातच बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, ड्युटी, ती बिचारी एका पोरामागे किती धावेल. तरी तिनं नाही म्हटलं नाही. फक्त तेवढा हात तिला नाही, तो हात इथे आहे आणि त्याचेच पैसे आपण देतो असं मी समजतो.

कागदपत्रांत मात्र बाईंची फार मदत होते, याचा अर्धा स्टार वेगळा द्यायला पाहिजे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन फॉर्म त्यांनीच भरून दिला, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असलं तर योजनांना चालते, लहान पोरांना बऱ्याचदा ठराविक मुदतीचंच मिळते, पुन्हा तपासणी होते, घाबरू नका. आणि निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग आणि बहुविकलांग यांना, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसते. मला हे कोणत्याच दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं, नर्सरीत समजलं. बिलं मात्र ओरिजिनल ठेवा.

पोरीत फरक काय पडला, हे सगळे विचारतात. बोलायला नाही लागली. सतरंजीवर चौघांत बसून डबा खाते, आधी एकटी कोपऱ्यात खायची. शू लागली की मावशीचा पदर ओढते. शेजारच्या पोरीनं हात धरला तर थोडा वेळ धरू देते. ज्यांना सहा महिन्यांत कविता म्हणणारं पोरगं पाहिजे त्यांनी इथे येऊन पैसे आणि बाईंचं डोकं दोन्ही खराब करू नये. जे साधे पोरं आहेत त्यांचंही शिकणं कमी नाही, माझ्या भाच्याला इथेच टाकलं आहे, त्याला अंक येतात, गाणे येतात, आणि कोणी बोलत नसलं तर फोटो दाखवून विचारते, हे त्याला कोणी शिकवलं नाही.

जायचं असेल तर मेमध्येच जा, जूनमध्ये जागा राहत नाही. अशी पोरं एका वेळी पाचच्या वर घेत नाहीत, सरपंचाची चिठ्ठी आणली तरी नाही, आणि ते बरोबरच आहे. फोन सकाळी उचलत नाहीत, एकनंतर लावा. पोराला घेऊन पहिल्यांदा जाल तर डब्याच्या वेळेला जा, तेव्हा खरं काय ते दिसते. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बसस्टँडमागे भाजीचे हातठेले लागतात, ऑटो आत जात नाही आणि पोराला त्या भोंग्यांतून चालवत न्यावं लागते.